कंबर धरलीय, स्पाझमच्या (स्नायू आखडल्यावरच्या) गोळीसोबत डोलो घेतली तर चालेल का?

नाही दादा, त्या गोळीवर डोलो ६५० अजिबात घेऊ नका, कारण कंबर धरल्यावर मिळते ती गोळी बहुतेक तीन औषधांची मिळून असते, दुखणं कमी करणारं अॅसेक्लोफेनॅक १०० एमजी, स्नायू सैल करणारं क्लोरझोक्साझोन २५० आणि पॅरासिटामॉल ३२५, म्हणजे पॅरासिटामॉल आधीच आत आहे, डोलोतही तेच, वरून घेतली की लिव्हरवर डबल लोड. मी सोलापुरात मेडिकलवर फार्मासिस्ट आहे, लूमवरचे (यंत्रमागावरचे) लोक रोज हेच विचारतात म्हणून गोळ्यांच्या पाकिटामागचं वाचायला लावतो.

- डॉक्टरांनी लिहिलं असेल तेवढीच, जेवणानंतर, दिवसात दोनपेक्षा जास्त नाही
- ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, दारू सोबत नको
- झापड येते, गोळी घेऊन लूमवर उभं राहू नका न गाडी पण चालवू नका

लघवी केशरी-लालसर झाली तर बऱ्याचदा क्लोरझोक्साझोनमुळेच, पण डोळे पिवळे दिसले की गोळी बंद करून लगेच दवाखाना. आणि हो, किडनी, अल्सर, हार्टचा त्रास किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकसुद्धा नको, त्यात आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असतं तेव्हा किडनीला जास्तच जड जाते.