पोलोचा डीएसजी काढून मॅन्युअल बसवू का?

प्रश्न : माझी २०१६ची पोलो जीटी टीएसआय आहे, तिला डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, ८४,००० किलोमीटर झालेत. गाडी झटके देते, गिअरची अक्षरं लुकलुकतात, कधी गिअरच पडत नाही. वर्कशॉपने नवा मेकॅट्रॉनिक (गिअर आणि क्लच चालवणारे नियंत्रण युनिट) आणि क्लच पॅक मिळून १.८० लाख सांगितले. अंबडचे एक गॅरेज २.४० लाखांत मॅन्युअल बसवून देते म्हणते. पगार हातात ६८,०००, घराच्या हप्त्यासह खर्च ५०,०००, बँकेत १.२० लाख. १४ टक्क्यांनी तीन वर्षांचे पर्सनल लोन घेऊन मॅन्युअल करू का? आहे त्या अवस्थेत गाडीला २.५० लाख मिळतात, दुरुस्त झाली तर ४.२५ लाख. कामावर जायला स्कूटर आहे. (वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : नका करू. मॅन्युअल चालवायची हौस खरी आहे, पण ती या गाडीत भागवणे महागात पडेल.

तुमचेच आकडे घेऊ. २.४० लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे ८,२०० रुपये बसतो आणि तीन वर्षांत व्याज ५५,००० च्या पुढे जाते. म्हणजे खर्च २.९५ लाख. त्यातून गाडीची किंमत वाढली तर जास्तीत जास्त १.७५ लाखांनी. तेही गिऱ्हाईकाने बदललेल्या गिअरबॉक्सचे पैसे कापले नाहीत तरच, आणि जुन्या गाड्यांचे डीलर ते कापतातच. १.२० लाख सरळ गेले. उलट दुरुस्तीला पूर्ण १.८० लाख लागले तरी किंमत १.७५ लाखांनी वर येते.

त्यात २.४० लाखांवर काम थांबेल याचीही खात्री नाही. १.२ टीएसआय इंजिनाची जीटी भारतात मॅन्युअलमध्ये विकलीच गेली नाही, त्यामुळे सामान दुसऱ्या मॉडेलमधून जमवावे लागते. गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्लच पेडल आणि त्याचे ब्रॅकेट, मास्टर सिलिंडर, हायड्रॉलिक पाइप, गिअर लिव्हर, दोन्ही केबल, माउंटिंग. स्टार्टर आणि ड्राइव्ह शाफ्ट जुळतात का, तेही पाहावे लागते. बहुतेक गॅरेज १.२ एमपीआय (टर्बो नसलेल्या) पोलोचा पाच गिअरचा बॉक्स सुचवतात. त्याची गुणोत्तरे ११० एनएम टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) इंजिनासाठी ठरवलेली, तुमचे इंजिन १७५ एनएमचे. मुंबई हायवेवर इंजिन विनाकारण जास्त आरपीएमवर फिरत राहील. नंतर कोडिंग, म्हणजे गाडीच्या संगणकांना बदललेला गिअरबॉक्स ओळखायला लावणे. ईसीयू (इंजिनाचा संगणक), एबीएस आणि मीटर अजून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शोधत असतात. ते नीट झाले नाही तर गाडी स्टार्टच होत नाही किंवा चेक लाइट जात नाही. दरपत्रकात 'कोडिंगसह' हे शब्द नसतील, तर तो खर्च तुमच्या डोक्यावर येईल.

कागदपत्रांचेही पाहा. आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. नियमबाह्य बदलाला कलम १८२अ(४) खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तुमचा बदल त्यात मोडतो का, ते पेठ रोडच्या आरटीओकडून लेखी घ्यायला हवे. विमा कंपनीला न कळवता केला आणि पुढे कसारा घाटात अपघात झाला, तर क्लेम अडकू शकतो.

आता १.८० लाखांच्या दरपत्रकाकडे वळा, कारण तेही जसेच्या तसे मान्य करू नये. आधी बॅटरी तपासा. गाडी रात्रभर बंद ठेवून व्होल्टेज १२.४ च्या खाली असेल तर बिघाडाचे खोटे कोड येतात. मग सगळ्या मॉड्यूलचा स्कॅन करून प्रिंट हातात घ्या. पी१७बीएफ कोड असेल, तर बहुधा मेकॅट्रॉनिकच्या अॅल्युमिनियम हाउसिंगला प्रेशर अॅक्युम्युलेटर (तेलाचा दाब साठवणारा भाग) बसतो तिथे तडा गेलेला असतो. दाब टिकत नाही, पंप सतत फिरत राहतो आणि शेवटी गिअर पडत नाही. अशा वेळी अख्खा मेकॅट्रॉनिक बदलायची गरज नसते, हाउसिंग बदलून भागते. त्याचे दर वेगळे मागवा. क्लच पॅकही 'सोबत करून टाकू' म्हणून बदलू देऊ नका. झीज किती, ते स्कॅनमधल्या अॅडॅप्टेशनच्या (झिजेप्रमाणे गिअरबॉक्सने स्वतः जुळवून घेतलेल्या) आकड्यांवरून दाखवायला सांगा.

पैसे असे उभे करा. चार महिने स्कूटर वापरा, पोलोच्या बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. महिन्याला १८,००० प्रमाणे ७२,००० जमतील. फक्त हाउसिंग निघाले तर कर्जाचा प्रश्न बहुधा उरणार नाही. पूर्ण १.८० लाख लागलेच, तर १.१० लाख एका वर्षासाठी घ्या. हप्ता साधारण ९,९००, व्याज साडेआठ हजार. बँकेतल्या १.२० लाखांना हात लावू नका. तो तुमचा जेमतेम अडीच महिन्यांचा खर्च आहे, खरे तर तिथे ३ लाख हवेत.

दुरुस्ती झाल्यावर द्वारका चौकात गाडी इंचाइंचाने सरकवू नका. हा कोरडा, म्हणजे तेलात न बुडालेला क्लच आहे, तो तिथेच तापून झिजतो. पुढे थोडी जागा होऊ द्या, मग सरळ निघा.

आणि मॅन्युअलच हवी असेल, तर कंपनीतूनच तशी आलेली घ्या. २०२० पासूनच्या १.० टीएसआय पोलोला सहा गिअरचा मॅन्युअल आहे आणि टॉर्क तुमच्या गाडीइतकाच, १७५ एनएम. दुरुस्तीच्या कामावर पार्ट आणि मजुरी दोन्हींची एक वर्षाची लेखी वॉरंटी घ्या, आणि ती चालू असतानाच पोलो विकायला काढा.