आजोबांच्या ट्रंकेत सिंह आणि एकशिंगी घोड्याचं ब्रिटिश पितळी बटण सापडलं. १८५७ चं असेल का? विकलं तर किती येतील?

१८५७ चं नाही. पैज लावतो.

न बघताच ठोकून सांगतोय, कारण असलंच बटण आमच्या मोठ्या मामांच्या दिवाणखान्यात मखमलीवर, काचेच्या फ्रेममध्ये आहे. खाली सोनेरी अक्षरांत 'सत्तावनच्या बंडातील इंग्रज सार्जंटच्या कोटाचे बटण'. पाहुण्याला चहाच्या आधी ते दाखवलं जातं. मामांच्या गोष्टीत त्या सार्जंटचा आता कॅप्टन झालाय, फ्रेमवर बिचारा अजून सार्जंटच आहे.

एका दिवाळीत मी म्हटलं, "मामा, फ्रेम उघडू, मागची बाजू बघू." तर म्हणे, "बटणाची मागची बाजू कोण बघतं?" अहो, बघायची तीच असते! भिंग धरलं तर कडीभोवती गोलाकार अक्षरं स्पष्ट: बटन्स लिमिटेड, बर्मिंगहॅम. ही कंपनीच मुळात १९०७ साली निघाली. पुढच्या बाजूचा मुकुटही राजाचा, कमानी बाहेरून गोल फुगलेल्या, म्हणजे १९०१ ते १९५२. व्हिक्टोरियाच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात. आणि पायदळातल्या साध्या शिपायांना हे राजचिन्हाचं सामाईक बटण मिळालं १८७१ ला. त्याआधी ज्याच्या त्याच्या पलटणीचा नंबर बटणावर असे.

मामांचं उत्तर: "तू काय त्या वेळी होतास का?" मामी चहा घेऊन आल्या आणि विषय संपला. आता फ्रेमला मागून डिंकपट्टी लावलीय.

तर तुम्हीही आधी मागची बाजू वाचा. कारखान्याचं नाव आणि 'लिमिटेड' हा शब्द दिसला की निम्मं काम झालं. नंबरवालं बटण हाती लागलं तर धातू बघा. नंबर १७६७ पासून आले. साध्या शिपायाचं बटण १८५५ पर्यंत कथिलमिश्रित प्यूटरचं, मग १८७१ पर्यंत पितळी. अधिकाऱ्यांच्या मुलाम्याच्या बटणांवर नंबर १८८१ पर्यंत टिकले, मग पलटणींना जिल्ह्यांची नावं मिळाली.

हे सगळं गोऱ्या पायदळाचं बरं का, तोफखाना-आरमाराचं गणित वेगळं. हिंदी पलटणींचे नंबर पुढेही चालू राहिले. म्हणून १०३ आकडा दिसला तर घाई नको: १८६२ ते १८८१ ही गोरी रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स होती आणि १९०३ ते १९२२ हीच संख्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीची. ११० किंवा ११७ असेल तर मराठा पलटण मनात धरायला हरकत नाही. आणि दबलेल्या कमानी एलिझाबेथच्या मुकुटालाही आहेत, तेव्हा वजन बघा. हलकं, ॲल्युमिनियमचं चमकदार बटण असेल तर ते १९५० नंतरचं.

मला राग बटणाचा नाही. मामांचे आजोबा ११७ मराठा पलटणीत होते, पेन्शनच्या पुस्तकात लिहिलंय. ही पलटण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूट शहराच्या वेढ्यात अडकली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, कैदेतून माणूस जिवंत घरी आला. पुढे १९२१ ला त्या पलटणीला 'रॉयल' किताब मिळाला. बटण बहुधा त्यांनीच आणलं. पण हे पाहुण्यांना सांगायचं नाही, सांगायचा तो कॅप्टन! तुमच्याही ट्रंकेत कागद असतील, ते आधी वाचा.

किमतीचं म्हणाल तर फार आशा ठेवू नका. ही बटणं लाखांनी निघाली, त्यामुळे संग्राहक ढुंकून बघत नाहीत. नंबरवालं प्यूटरचं असतं तर गोष्ट वेगळी होती. आणि विकायचं असो-नसो, चिंच-मीठ लावू नका. मामांनी दर दसऱ्याला घासून सिंहाचं तोंड सपाट केलंय. कोमट पाणी, मऊ ब्रश, बस.