छोटा ट्रॅक्टर : कोणत्या कंपनीचा?

प्रश्न : २५ अश्वशक्तीच्या आसपासचा छोटा ट्रॅक्टर घ्यायचा आहे. कुबोटा, जॉन डिअर की महिंद्रा?

उत्तर : नावाआधी माहितीपत्रकातले आकडे नेमके कशाचे आहेत, ते पाहावे. ठळक छापलेली अश्वशक्ती बहुधा इंजिनाची असते. रोटाव्हेटर फिरवणाऱ्या पीटीओपर्यंत (अवजाराला शक्ती देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यापर्यंत) त्याहून कमीच पोहोचते, म्हणून तुलना पीटीओच्या अश्वशक्तीची करावी. उचलक्षमतेतही अशीच गफलत होते : ती खालच्या लिंकच्या (अवजार जोडायच्या मागच्या दांड्यांच्या) टोकाशी मोजली तर आकडा मोठा दिसतो, आणि तिथून ६१० मिलिमीटर मागे मोजली तर तोच ट्रॅक्टर दुबळा वाटतो. ट्रॅक्टरच्या रंगावरून, म्हणजे कंपनीवरून, रंगणारे वाद मला तरी निरर्थक वाटतात. जॉन डिअरच्या काही छोट्या ट्रॅक्टरांत तर इंजिनच यानमार या दुसऱ्या, जपानी कंपनीचे असते. तिन्ही तोडीस तोड ठरल्यास ज्याचे सुटे भाग आणि जाणकार मिस्त्री जवळ मिळतात, तो घ्यावा.