नोटीस भावांची, हक्क आईचा

प्रश्न: आम्ही लग्न न करता 9 वर्षं एकत्र राहिलो. फ्लॅट जोडीदाराने स्वतःच्या एकट्याच्या नावावर घेतला होता. निम्मे हप्ते माझ्या खात्यातून गेले. चार महिन्यांपूर्वी ते वारले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. सोसायटीत नॉमिनी मी आहे. त्यांचा 2012 मध्ये रीतसर घटस्फोट झाला होता, मूल नाही, वडीलही हयात नाहीत. आई 77 वर्षांच्या आहेत, गावी थोरल्या मुलाकडे राहतात. आता दोन्ही भावांनी वकिलामार्फत 15 दिवसांत घर रिकामं करायची नोटीस पाठवली आहे. मी नॉमिनी असताना ते मला काढू शकतात का?

उत्तर: नॉमिनी म्हणजे मालक, हा समज किती घरं बुडवणार आहे कोण जाणे. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या पैशांबाबत 1983 मध्ये आणि शेअर्सबाबत 2023 मध्ये सांगितलं, की नॉमिनेशनमुळे वारसाहक्क बदलत नाही. सोसायटीच्या फ्लॅटबाबत 2016 चा निकाल आहे: सोसायटीने नॉमिनीची नोंद करावी, मालकीचा वाद वारसांनी स्वतंत्रपणे सोडवावा. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 154ब-13 प्रमाणे तुम्ही तात्पुरत्या सदस्य होऊ शकता, तेही खरा हक्कदार येईपर्यंत. अर्ज मात्र आजच द्या आणि पोच घ्या.

तुमच्या बाजूचा मुद्दा नोटिशीतच आहे. ‘माझे अशील’ म्हणून त्यात कोणाची नावं आहेत ते बघा. तुम्ही लिहिता त्याप्रमाणे फक्त दोन भाऊ असतील, तर हक्क नसलेल्या माणसांनी ती पाठवली आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार विनामृत्युपत्र गेलेल्या पुरुषाची मिळकत आधी वर्ग 1 च्या वारसांकडे जाते: आई, विधवा, मुलगे, मुली. भाऊ वर्ग 2 मध्ये, तेही वडिलांच्या मागे. वर्ग 1 मधलं एक जरी माणूस हयात असेल तरी वर्ग 2 ला काही मिळत नाही. म्हणजे तुम्ही दिलेल्या माहितीवरून संपूर्ण फ्लॅट आज आईंचा आहे. (घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत मिळवून ठेवा. घटस्फोट झालाच नव्हता असं निघालं, तर त्या बाई विधवा म्हणून आईंच्या बरोबरीने वारस ठरतील.)

आई आहेत तोवर तुम्हाला एकाच व्यक्तीशी बोलायचं आहे. त्या गेल्या, की त्यांच्या वाट्याचे वारस हेच भाऊ, बहीण असल्यास तीही. चार महिने होऊन गेले. त्या वेळात गावी जाऊन यायला हवं होतं.

आईंशी काय ठरवता येईल? त्यांनी बक्षीसपत्र करून दिलं तर 200 रुपयांच्या मुद्रांक शुल्काची सवलत तुम्हाला मिळणार नाही. ती पती-पत्नी, मुलं, नातवंडं अशा नात्यांपुरती आहे. बाजारमूल्यावर खरेदीखताइतकं शुल्क भरावं लागेल, वर नात्याबाहेरचं बक्षीस म्हणून प्राप्तिकरही लागेल. हक्कसोडपत्र सहवारसांमध्ये होतं, तुम्ही वारस नाही. आईंचं मृत्युपत्र स्वस्त पडतं, पण त्या ते कधीही बदलू शकतात आणि राहतात भावाकडे. म्हणून मोबदला ठरवून नोंदणीकृत खरेदीखत हाच त्यातल्या त्यात पक्का मार्ग वाटतो. गृहकर्ज बाकी असेल तर बँकेला मध्ये घ्यावं लागेल.

तुम्ही भरलेल्या हप्त्यांचं काय? मालकीचा दावा त्यावर उभा करणं अवघड आहे, बेनामी कायदा (पैसे एकाचे, मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर, अशा व्यवहारांना बंदी घालणारा) आडवा येतो. उसने पैसे म्हणून मागायचे तर साधारणपणे तीन वर्षांची मुदत, आणि ते उसनेच होते हे दाखवायला कागद हवा. दाव्यात टिकेल की नाही सांगता येत नाही, वाटाघाटीत किंमत कमी करून घ्यायला उपयोगी पडेल. खात्याचे उतारे काढून प्रत्येक हप्त्यावर खूण करा.

‘आम्ही नवरा-बायकोच होतो’ असं आता म्हणायला जाऊ नका. दीर्घ सहवासावरून लग्नाचं अनुमान निघतं, पण ते खोडता येतं. आणि लग्न न करता राहिलो हे तुम्हीच लिहून दिलं आहे.

तोवर ताबा सोडू नका. किल्ली देऊ नका, ‘फक्त सही करा’ म्हणून आणलेल्या ना हरकत पत्रावर सही करू नका. कुलूप बदलून बाहेर काढलंच, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली काढल्यापासून 6 महिन्यांच्या आत दावा लावा. तिथे मालक कोण हा प्रश्नच नसतो. कायदेशीर मार्गाशिवाय काढलं का, एवढंच पाहतात. सहा महिने उलटले की ही सोपी वाट बंद.

विम्यात आणि बँकेच्या ठेवीत तुम्ही नॉमिनी असाल तर पैसे तुमच्या हातात येतील, पण आईंच्या वतीने. खर्च करून बसू नका. भविष्य निर्वाह निधीत तर आई तुमच्या जोडीदारावर अवलंबून असतील तर तुमचं नॉमिनेशनच अवैध ठरू शकतं.

नोटिशीला 15 दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या, चार ओळींचं: नोटीस देणारे वारस नाहीत, आईंची सही असलेलं कुलमुखत्यारपत्र असेल तर प्रत द्यावी, ताबा शांततेचा आहे, आईंशी थेट बोलायची तयारी आहे. हप्त्यांचा हिशेब त्यात लिहू नका.