काटेरी लगामावरून भांडण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

वरातीच्या घोड्याला काटेरी लगाम, म्हणजे तोंडात टोचणाऱ्या काट्यांचं लोखंड, घालू नये म्हणून तू त्याच्या मालकाशी भांडलीस, तो घोडेबाजारातला तुझा व्हिडिओ पाहिला. तुझं म्हणणं सोळा आणे खरं. गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी केलेल्या १९६५ च्या केंद्रीय नियमांतही काटेरी लगामाला मनाई आहे. पण मालकाने ऐकलं का? उलट चार माणसं त्याच्या बाजूने गोळा झाली आणि घोडा गेला त्याच लगामात.

घोडेस्वारीवर लिहिणारा प्राचीन ग्रीक लेखक झेनोफोन तू त्याला ऐकवलास. जबरदस्तीने नाचवलेला घोडा चाबकाने नाचवलेल्या नर्तकापेक्षा सुंदर दिसत नाही, हे त्या ग्रीकाने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलं, ते मलाही आवडतं. मात्र तोच झेनोफोन घोड्यासाठी दोन लगाम बाळगायला सांगतो, एक गुळगुळीत आणि एक दातेरी. मालकाने हे वाचलेलं असतं तर तुझी चांगलीच पंचाईत झाली असती! जुनी मंडळी काही संत नव्हती. त्यांची पोथी करू नकोस. आजच्या युरोपचे गोडवेही जपून गा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर एका नामांकित स्वाराला माघार घ्यावी लागली ती घोड्याला चाबूक मारतानाच्या व्हिडिओमुळेच.

अठराव्या शतकातल्या फ्रेंच अश्वशिक्षक गेरिनिएरकडून मात्र एक गोष्ट घेच. घोडा तोल सांभाळून हलका चालू लागला की हात खाली सोडायचा आणि त्याला तसाच चालू द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळी विद्या त्यात आहे. घोडा शिकतो तो दाब सुटतो त्या क्षणी. तू लगाम धरलास, त्याने मान सैल केली, त्याच क्षणी बोटं सैल झाली तर त्याला कळतं, हेच हवं होतं. तू उशिरा सोडलास आणि तोवर त्याने मान झटकली, तर तो मान झटकायला शिकला. काटेरी लगामवाला हाच क्षण रोज चुकवतो. सुटकाच मिळत नाही म्हटल्यावर घोडा तोंड कडक करतो, मग त्याहून जहाल लगाम येतो, आणि दोष घोड्याच्या जातीला.

आता परत जा, पण कॅमेरा घरी ठेवून. आधी मोतद्दाराला भेट. दिवसभर घोड्यापाशी तोच असतो, खरारा तोच करतो. त्याला म्हण, जरा तोंड दाखवा. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीचा रिकामा पट्टा असतो, लगामाचं लोखंड तिथेच टेकतं. आपल्या नडगीसारखीच तिथे हाडावर पातळ कातडी. तिथली जखम त्यानेच बोटाने चाचपू दे, तू बोलू नकोस. नाकावरचा पट्टाही पाहा. नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज जायला हवीत. गालापाशी मोजलंस तर सैल भासतो, फसू नकोस.

मालकाची भीती खोटी नाही. वरातीत बँड, फटाके, त्यात घोडा बिथरून नवरदेव पडला तर त्याचा धंदा बसला. त्या भीतीला उत्तर दिल्याशिवाय गुळगुळीत लगाम पुढे केलास तर तो हसेल. म्हणून आधी घोड्याला आवाजाची सवय लावून दे. ताशा लांबून वाजवायचा. घोडा कान टवकारेल, पाहील. त्याने परत वैरणीत तोंड घातलं की ताशा बंद. तो घाबरलेला असतानाच बंद केलास तर बिथरलं की आवाज जातो, एवढंच तो शिकेल. मग हळूहळू जवळ यायचं. सीझनच्या आधी हे करून दाखव, भर लग्नसराईत नको.

याला वेळ लागतो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलची धुरा १९३९ पासून दोन दशकांहून अधिक काळ सांभाळणाऱ्या पोडहाय्स्कीने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते नीरो नावाच्या, शर्यतीला नालायक ठरलेल्या घोड्यावर. त्याच्या सबुरीच्या पद्धतीची बाजू मांडायला तो घोडा पुरेसा होता. तुलाही त्या बाजारातला एक घोडा पुरेल. शेजारचे मालक आपसूक विचारायला येतील.

माझ्याकडे दोन गुळगुळीत लगाम पडून आहेत, जाताना घेऊन जा. माप मात्र तिथेच बघ. ओठांच्या कोपऱ्यात एखाददुसरी सुरकुती पडली की बसला म्हणायचं. जास्त पडल्या तर गालपट्टे एक भोक सैल कर.