सरकारी नोकरी आहे, मग कामात मन का लागत नाही?

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात, म्हणून एका भाऊंची गोष्ट सांगते, त्यांना विचारून आणि ओळख पटणार नाही इतपत बदलून. क्लार्क आहेत, धुळ्याहून तालुक्याच्या ऑफिसला रोज एस्टीने अपडाऊन. बसल्या बसल्याच म्हणाले, "ताई, कामम्हा मनच लागत नही. मी कामचुकार झालो का हो?" घरचे म्हणतात पगार वेळेवर पडतो, अजून काय पाहिजे.

मी आधी झोप, जेवण, बीपी, शुगर, दारू सगळं विचारलं, कारण डिप्रेशन असेल तर मार्ग वेगळा. झोप तुटत होती, बाकी ठीक. मग आठवडाभर वहीत लिहायला लावलं, कुठला तास कशात गेला ते. वही बघून मलाच गलबलून आलं. रिकाम्या पदाचा चार्ज दोन वर्षांपासून यांच्याकडेच, म्हणजे टेबलं दोन आणि माणूस एक, दुपारपर्यंत काउंटरवर गर्दी, मध्येच सर्वर बंद, आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेंडन्सीची यादी, त्यात यांचं नाव सगळ्यांसमोर. फाईल हातात घेतली की ती यादी आठवायची, म्हणून फाईल उघडायचीच नाही, आणि नाही उघडली की यादी अजून लांबायची. याला आळस मी तरी म्हणणार नाही.

पगाराचं म्हणाल तर हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ सालीच मांडलंय की पगार, सोयी नीट असल्या की कुरकुर कमी होते, पण कामाची ओढ लागते ती कामातून आणि कौतुकातून. भाऊंना शेवटचं "छान केलं" कधी ऐकलं ते आठवेना.

मग ठरवलं, अतिरिक्त चार्जबद्दल लेखी अर्ज द्यायचा, सोबत दोन्ही टेबलांच्या फायलींचा आकडा, आणि आधी कुठली काढू हे साहेबांनाच विचारायचं. सरकारी बदल्या आणि कामातली दिरंगाई यावरच्या महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यात फाईल साधारण सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एकाकडे राहू नये असं आहे, म्हणून तर हा आकडा साहेबांपुढे जायलाच हवा. सीआर, म्हणजे साहेबांनी लिहिलेला वर्षाचा गोपनीय अहवाल, खराब गेला असेल अशी धास्ती होती, त्यांना सांगितलं की शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये म्हटलंय, त्यावर म्हणणं मांडता येतं. झोप फारच उडाली तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फ्री आहे.

चार्ज अजून निघालेला नाही. पण मागच्या बुधवारी गर्दी व्हायच्या आत त्यांनी सगळ्यात जुनी फाईल काढली, एका म्हाताऱ्या आजीची होती, आणि मला फोन करून सांगितलं.