वाचकांचे प्रश्न : मजुरी कोणाची बुडते?

प्रश्न : आमचे गाव नंदुरबार तालुक्यात असून आमच्या चर्चच्या मंडळीतले बहुतेक जण शेतमजूर आहेत. गेल्या वर्षी नवे पाळकसाहेब आले आणि त्यांनी रविवारची उपासना सकाळी साडेसातऐवजी साडेदहाला ठेवली. दसऱ्याच्या सुमारास कापसाची वेचणी लागते, तिची मजुरी किलोवर मिळते, आणि शेतमालक रविवार पाळत नाही, बाजाराचा दिवस पाळतो. त्यामुळे बायकांना उपासना किंवा मजुरी यांपैकी एकच निवडावे लागते. मी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीत आहे. वेळ बदलावी अशी विनंती मी दोनदा केली, तेव्हा साहेब म्हणाले की, मोशे लोकांच्या कुरकुरीपुढे नमला असता तर इस्राएल लोक मिसरातच, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतच, राहिले असते. सभेत त्यांनी मला ‘हट्टी’ म्हटले. एरवी हे गृहस्थ फार नम्र आहेत; चर्च स्वतः झाडतात आणि ‘मी तुमच्या पायांची धूळ आहे’ असे जवळजवळ प्रत्येक प्रवचनात म्हणतात. मग नम्र कोण आणि हट्टी कोण?
– एक भगिनी, नंदुरबार जिल्हा

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट पाळकांच्या बाजूने. तुमचे पत्र एका बाजूचे आहे, आणि तुमच्या भागात एकाच पाळकाकडे दोन-तीन गावे असू शकतात. पहिल्या गावची उपासना आटोपून मोटारसायकलने तुमच्याकडे पोहोचेपर्यंत साडेदहा वाजत असतील, तर तिला हट्ट म्हणता येणार नाही, ती अडचण झाली. पण मग त्यांनी ती सांगायला हवी होती. अडचण सांगितली की चार जण बसून तोड काढतात; मोशेचे नाव घेतले की बोलणेच खुंटते.

आता मोशेचेच पाहू. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात त्याला भूतलावरील सर्व माणसांपेक्षा नम्र म्हटले आहे, आणि तो कुरकुरीपुढे नमला नाही हेही खरे. परंतु त्याच पुस्तकाच्या २७व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, सर्व मंडळीदेखत त्याच्यापुढे उभ्या राहतात आणि विचारतात की, आमच्या बापाला मुलगा नव्हता एवढ्यावरून त्याचे नाव कुळातून का पुसले जावे आणि आम्हांला वतन का मिळू नये. मोशे त्यांना गप्प बसवत नाही. तो त्यांचे गाऱ्हाणे परमेश्वरापुढे नेतो, मुलींचे म्हणणे रास्त आहे असे उत्तर येते, आणि वारशाचा नियम त्या पाच जणींपुरता न राहता साऱ्या इस्राएलासाठी ठरतो. कुरकुर कोणती आणि गाऱ्हाणे कोणते, हे मोशेला कळत होते. तसेच निर्गमाच्या १८व्या अध्यायात त्याचा सासरा इथ्रो, जो मिद्यानाचा याजक म्हणजे परकाच माणूस होता, ‘तू करतोस ते बरे नाही’ असे त्याला तोंडावर सांगतो आणि मोशे न्यायनिवाड्याची सगळी घडी बदलतो. जावयाने सासऱ्याचे इतके निमूटपणे ऐकल्याचे दुसरे उदाहरण निदान आपल्या खानदेशात तरी मला आढळलेले नाही.

खंबीरपणा आणि हट्ट बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून त्यांची पारख करताना मी प्रेषित पौलाकडे जातो. यरुशलेमेत काही जण पौलाचा ग्रीक सोबती तीत याच्या सुंतेसाठी अडून बसले, तेव्हा आपण त्यांना घटकाभरही वश झालो नाही असे पौल गलतीकरांस लिहितो. आणि हाच पौल प्रेषितांच्या कृत्यांच्या १६व्या अध्यायात तीमथ्य या आपल्या दुसऱ्या सोबत्याची सुंता करवतो. मग त्याला धरबंद नव्हता म्हणायचे का? तीताच्या बाबतीत माघार घेतली असती, तर ते ओझे यहूदी नसलेल्या प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या मानेवर कायमचे बसले असते. तीमथ्याची आई यहूदी होती, सुंता ही तारणाची अट म्हणून कोणी मागत नव्हते, आणि यहूदी लोकांत काम करायला निघालेल्या त्या तरुणाची वाट सुंतेने सोपी होणार होती. दोन्ही वेळा पौलाने दुसऱ्यावरचे ओझे मोजले. आपल्या मांस खाण्याने भावाला अडखळण होत असेल तर आपण कधीच मांस खाणार नाही, असे तो करिंथकरांना कळवतो, तेव्हा झीज त्याची स्वतःची असते. म्हणून कोणत्याही पाळकाच्या आग्रहाला मी एवढेच विचारतो की, ह्यात मजुरी कोणाची बुडते? तुमच्या गावात साडेदहाच्या उपासनेचा खर्च साहेबांच्या पगारातून जात नाही, तो वेचणाऱ्या बायांच्या ओटीतून जातो.

आणखी एक खूण आहे. १५२१ साली जर्मनीतल्या वर्म्सच्या सभेत धर्मसुधारक मार्टिन लूथरने आपले लेखन मागे घेण्यास नकार दिला, पण पवित्र शास्त्राने अथवा स्पष्ट तर्काने चूक पटवून दिल्यास गोष्ट वेगळी, हेही त्याच बोलण्यात होते. खंबीर माणूस आपले मत कशाने बदलेल हे सांगू शकतो. (लूथर नेहमीच असा होता असे नाही. १५२९ साली मारबुर्गला स्विस सुधारक झ्विंग्लीबरोबर १५ पैकी १४ कलमांवर एकमत झाल्यावरही प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्ताचे शरीर प्रत्यक्ष असते का, या मुद्द्यावर त्याने टेबलावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ हे ख्रिस्ताचे शब्द लिहिले आणि तो तिथून हलला नाही.) तुमच्या साहेबांना कोणीतरी शांतपणे विचारावे की, वेळ बदलायची झाल्यास ती कोणत्या कारणाने बदलता येईल. ‘कोणत्याच नाही’ असे उत्तर आले, तर हट्टी कोण, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

पायांच्या धुळीविषयी थोडेच लिहितो. पोप पहिला ग्रेगरी, ज्याचा काळ ५९० ते ६०४, स्वतःला ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणवून घेई. ते बिरुद त्याच्यामागून आलेल्यांनीही लावले, आणि त्यांतल्या काहींनी सेवा कशी करून घेतली हे इतिहासात आहे. चर्च झाडण्यात कोणाशी मतभेद होत नाही. नम्रतेचा कस कान लावण्यात लागतो, तोही आपल्यापेक्षा खालच्या समजल्या जाणाऱ्या माणसाकडे.

तुम्हांला हट्टी म्हटल्याचे मनाला लावून घेऊ नका. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर त्यांचे प्रश्न तिथल्या धर्मभगिनींना गर्वाचे वाटू लागले. तेव्हा भारतातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर तसलेच दुसरे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असे रमाबाईंनी त्यांना पत्राने कळवले. खालच्याने प्रश्न केला की वरच्याला तो हट्ट वाटतो. मात्र हा आरसा स्वतःपुढेही धरा : वेळेचा प्रश्न सुटल्यावरही तुम्हांला साहेबांचा पराभव हवासा वाटेल काय?

माझेही सांगतो. जळगाव जिल्ह्यातल्या एका मंडळीत पाळक असताना मी उपासनेत ढोल वाजवू देत नसे. तो परधर्मी वाटतो असे माझे म्हणणे होते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची मराठी भजने आम्ही रोज गात होतो, तरीसुद्धा. एका वृद्ध दीकनाने, म्हणजे मंडळीच्या सेवकाने, विचारले, “साहेब, ही बाजाची पेटी यरुशलेमेहून आली का?” मी हसलो आणि नकार कायम ठेवला. चार वर्षांनी परवानगी दिली, पण ‘माझे चुकले’ हे शब्द मंडळीपुढे उच्चारायला आणखी दोन वर्षे लागली, आणि तोवर ते दीकन प्रभूकडे गेले होते. शौल राजाही शमुवेल संदेष्ट्यापुढे ‘मी पाप केले’ असे म्हणतो आणि लगेच विनवतो की, वडीलजनांपुढे माझा मान राख. १ शमुवेलाचा १५वा अध्याय मला नाथान संदेष्ट्यासमोर सरळ पाप कबूल करणाऱ्या दाविद राजापेक्षा अधिक ओळखीचा वाटतो, हे कबूल केले पाहिजे.

आता करायचे काय? सह्यांचा अर्ज घेऊन जाऊ नका. मत्तयाच्या १८व्या अध्यायातला क्रम पाळा : आधी एकट्याने, मग एक-दोघांना सोबत घेऊन, आणि शेवटी मंडळीपुढे. एकट्याने बोलून झाले आहे. तेव्हा आता प्रत्यक्ष वेचणीला जाणाऱ्या एका बाईला बरोबर न्या आणि बोलू तिला द्या. कायमच्या बदलाची मागणी न करता दसरा ते संक्रांत एवढ्या हंगामापुरती साडेसातची वेळ मागा, म्हणजे साहेबांना मान राखून पाऊल मागे घेता येईल. तेवढ्या काळात ते इतर गावांमुळे पोहोचू शकत नसतील, तर मंडळीतल्या वडिलांपैकी कोणी उपासना चालवावी. हेही अमान्य झाले, तर विषय पंचकमिटीच्या ठरावात येऊ द्या.

प्रश्न : आमच्या चर्चचे सेक्रेटरी १९ वर्षे त्याच पदावर आहेत. निवडणुकीचा विषय निघाला की ‘हे पद मला देवाने दिले आहे’ असे म्हणतात. हिशेब चोख आहेत. तरी बोलावे काय?
– निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : हिशेब चोख आहेत हे तुम्ही आवर्जून लिहिले, ते बरे केले. बायबलमधल्या योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाच्या पुढाऱ्याविषयी तक्रार आहे, आणि तीत पैशांचा उल्लेखही नाही. त्याला पहिल्या जागेची हौस होती, तो बाहेरून आलेल्या बंधूंचा स्वीकार करत नसे आणि जे करू पाहत त्यांना मंडळीबाहेर काढी. देवाने दिलेले पद सोडता येत नाही असे म्हणावे, तर पोप सोळावे बेनेडिक्ट २०१३ साली वाढत्या वयामुळे शक्ती उरली नाही असे सांगून पायउतार झाले. तुमच्या सेक्रेटरींना दोष देऊन सुरुवात करू नका. मंडळीच्या घटनेत पदाची मुदत लिहिलेली आहे का ते आधी पाहा. नसेल, तर पुढच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत मुदतीचा विषय घालावा असे लेखी द्या. नोटीस काढण्याचे काम सेक्रेटरींकडेच असते, त्यामुळे पत्राची पोच घ्यायला विसरू नका.